निकालाआधीचा प्रवेश: खासगी लिबरल आर्ट्स विद्यापीठाचा अर्ज

बारावीचा निकाल, पेढे आणि मग प्रवेशाची धावपळ, हा आपला ठरलेला क्रम. खासगी लिबरल आर्ट्स विद्यापीठांत (म्हणजे जिथे कला, विज्ञान, सामाजिक शास्त्रं असे वेगवेगळे विषय एकत्र घेऊन शिकता येतं) तो चालत नाही. आपला निकाल मे महिन्यात लागतो, आणि तोवर तिथल्या बहुतेक फेऱ्या उरकलेल्या असतात. भाचीचा अर्ज भरताना आम्ही हे सगळं धडपडत शिकलो. तुम्हाला निदान आधी माहीत असावं.

आधी विद्यापीठाची मान्यता बघून घ्या. सोनीपतचं अशोका (२०१४), पुण्याजवळ लवळ्याचं फ्लेम, बंगळूरूचं अझीम प्रेमजी, आंध्रातल्या श्रीसिटीचं क्रिया ही राज्याच्या कायद्याने स्थापन झालेली खासगी विद्यापीठं आहेत. विमाननगरचं सिम्बायोसिस स्कूल फॉर लिबरल आर्ट्स हे वेगळं विद्यापीठ नाही, ते अभिमत (डीम्ड, म्हणजे केंद्राने विद्यापीठाचा दर्जा दिलेल्या) विद्यापीठाचा भाग आहे. दोन्ही प्रकारांची पदवी चालते, एमपीएससी-यूपीएससीलाही. नवं, न ऐकलेलं नाव असेल तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) संकेतस्थळावर खासगी विद्यापीठांची आणि बोगस विद्यापीठांची अशा दोन याद्या आहेत, त्या दोन्ही बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

पात्रता सोपी आहे. कुठल्याही मान्य मंडळाची बारावी, आणि शाखा बहुधा कुठलीही. सिम्बायोसिसला किमान ५० टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ४५. अशोकासारख्या ठिकाणी टक्क्यांचा कटऑफ नसतो, चाचणी, निबंध, मुलाखत आणि शाळेतली कामगिरी असं सगळं एकत्र बघतात. एक खाचखळगा मात्र आहे: अर्थशास्त्र किंवा संगणकशास्त्र मुख्य विषय म्हणून घ्यायचं असेल तर काही ठिकाणी बारावीला गणित मागतात. कला शाखेतल्या मुलांनी हे अर्ज करण्याआधी विचारून घ्यावं. वयाची अट असेल तर तीही त्याच वेळी.

आता वेळापत्रक. अर्ज बारावीच्या वर्षात दिवाळीच्या आगेमागे सुरू होतात आणि दोन-तीन-चार फेऱ्यांत चालतात. फेब्रुवारीत बोर्डाची लेखी परीक्षा असते, म्हणून निबंध आणि कागद डिसेंबरअखेर हातावेगळे झाले तर बरं. अशोकाची स्वतःची अॅप्टिट्यूड टेस्ट आहे, फ्लेमची ‘फीट’ नावाची चाचणी, अझीम प्रेमजीची राष्ट्रीय प्रवेश परीक्षा. सिम्बायोसिसची ‘सेट’ ही प्रवेश परीक्षा गेली काही वर्षं मे महिन्यात होते, पण नोंदणी त्याआधीच बंद होते. तिथे परीक्षेची फी वेगळी आणि निवडलेल्या प्रत्येक अभ्यासक्रमाची वेगळी. पहिली भरून दुसरी राहिली, की परीक्षा देऊनही त्या अभ्यासक्रमाच्या यादीत नाव येत नाही.

कागदपत्रांत सर्वांत जास्त दमवलं ते अकरावीच्या गुणपत्रिकेने. दहावी-बारावीची मंडळ देतं, अकरावीची कॉलेज देतं, आणि ती कोणी जपून ठेवत नाही. इथे मात्र नववीपासूनचे गुण मागतात. भाचीच्या कॉलेजात क्लार्कने रजिस्टर शोधून शिक्का मारून द्यायला नऊ दिवस लावले. बारावीचे अपेक्षित गुण सराव परीक्षेवरून प्राचार्यांच्या सहीने द्यावे लागतात. ज्यांनी क्लासवाल्यांच्या ‘इंटिग्रेटेड’ व्यवस्थेत नाव घालून कॉलेजचं तोंडही पाहिलेलं नाही, त्यांची इथे पंचाईत होते. सराव परीक्षाच दिलेली नसते आणि शिफारसपत्र लिहायला ओळखणारा शिक्षक नसतो.

नावाचंही एक आहे. आपल्या मंडळाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर बहुतेकांचं उलट. फॉर्ममध्ये पहिलं नाव आणि आडनाव यांची अदलाबदल झाली, तर पुढे डिजिलॉकरवर अपार आयडी (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) आणि क्रेडिट बँकेचं खातं (अभ्यासक्रमात मिळवलेले क्रेडिट्स जिथे जमा होतात) जुळवताना अडतं. स्पेलिंगमधला फरक आधारवर आताच दुरुस्त करून घ्या, मेमध्ये सेतू केंद्रावर रांगा लागतात.

निबंधाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण आपली मुलं इथेच स्वतःला कमी लेखतात. भाचीचा पहिला मसुदा ‘मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे’ असा सुरू व्हायचा. वाचून आम्हालाच जांभई आली. प्रत्यक्षात ती दोन वर्षं सकाळी गावच्या दूध संकलन केंद्रावर हिशेब लिहीत होती. गाईच्या दुधाला दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरतात, त्याखाली गेलं की कापतात. उन्हाळ्यात फॅट उतरली की मशीनवर, मग तिच्यावर संशय. एका आजोबांनी तर रोज दोनदा दूध मोजायला लावलं, म्हणून तिने त्यांच्या गाईची महिनाभराची वही वेगळी ठेवली. आम्ही म्हटलं, हेच लिही. मुलाखतीत अर्धा वेळ त्या वहीवरच प्रश्न आले. उपक्रमांच्या रकान्यातही वादविवाद स्पर्धेचं प्रमाणपत्रच लागतं असं नाही. दुकान सांभाळणं, धाकट्या भावंडांचा अभ्यास घेणं हेही लिहा, आठवड्याचे तास टाकून. मुलाखत इंग्रजीत होते. मराठी माध्यमाच्या मुलांनी दोन-चारदा घरी मोठ्याने बोलून सराव करावा, एवढं पुरतं.

पैशाचा हिशेब अर्जाबरोबरच करायचा. अशोकासारख्या ठिकाणी शिक्षणशुल्क, वसतिगृह आणि जेवण धरून वर्षाचा आकडा १० लाखांच्या पुढे जातो. आपली मुलं राजर्षी शाहू शिष्यवृत्ती किंवा मुलींच्या फीमाफीच्या जुलै २०२४च्या शासन निर्णयाच्या भरवशावर असतात. त्या योजना प्रामुख्याने व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या, आणि फीमाफीत स्वयंअर्थसहाय्यित व खासगी अभिमत विद्यापीठं वगळलेली आहेत. तेव्हा तो मार्ग इथे बंद समजा. उरते ती विद्यापीठाची स्वतःची मदत. अझीम प्रेमजीत घरच्या उत्पन्नावरून शुल्क आणि राहण्याचा खर्च पूर्णपर्यंत माफ होऊ शकतो, आणि माझ्या मते साधारण उत्पन्नाच्या घराने यादीत ते वरच ठेवावं. मदतीचा अर्ज बहुधा प्रवेशाच्या अर्जासोबतच मागतात. ‘आधी नंबर लागू दे, मग बघू’ म्हणणाऱ्याला नंतर ‘निधी संपला’ असं उत्तर मिळतं.

त्यासाठी नुसता तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला पुरत नाही. नोकरदारांना फॉर्म १६, आयकर विवरणपत्र आणि बँकेचे उतारे लागतात. शेतकऱ्याकडे विवरणपत्र नसतं, मग सातबारा, आठ-अ, कारखान्याच्या ऊसबिलाच्या पावत्या आणि पासबुक जोडायचं. इथे एक गोष्ट कोणी सांगत नाही. भाचीच्या वडिलांच्या पासबुकात जूनमध्ये एकदम मोठी रक्कम जमा दिसत होती. ते सोसायटीचं पीककर्ज होतं, पण दिल्लीकडच्या तपासणाऱ्याला ते उत्पन्नच वाटणार. आम्ही सोसायटीच्या सचिवांचं एका ओळीचं पत्र जोडलं आणि पासबुकातली ती नोंद पेनने गोल केली. मदत मिळाली ती निम्म्या शुल्काची. दुसऱ्या ठिकाणी प्रतीक्षा यादीतच राहिली.

कर्ज काढायचं असेल तर ७.५ लाखांपर्यंत तारण लागत नाही. ४ लाखांच्या वर असेल तर ५ टक्के रक्कम स्वतः घालावी लागते. पीएम विद्यालक्ष्मी या केंद्राच्या शैक्षणिक कर्ज योजनेखाली विनातारण, विनाजामीन कर्ज मिळतं आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे. पण संस्था त्या योजनेच्या यादीत हवी, आणि सवलतीत प्राधान्य सरकारी संस्थांना आणि तांत्रिक-व्यावसायिक अभ्यासक्रमांना आहे. किती वर्षांचं कर्ज हवं तेही आधी ठरवा. तीन वर्षांची पदवी १२० क्रेडिट्सची, चार वर्षांची ऑनर्स १६०ची. संशोधनासह ऑनर्स हवी असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. चौथ्या वर्षाचे पैसे कोण भरणार, हा प्रश्न घरात पहिल्याच दिवशी विचारा.

ऑफर आली की जागा राखायला पैसे भरायला सांगतात, मुदत थोड्याच दिवसांची असते. भरण्याआधी परताव्याचं पान वाचा. यूजीसीच्या २०१८च्या अधिसूचनेप्रमाणे प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी माघार घेतली तर शुल्क पूर्ण परत, प्रक्रिया खर्च फार तर ५,००० रुपये. १५ दिवसांहून कमी उरले असतील तर ९० टक्के. तारीख उलटल्यावर १५ दिवसांत ८०, ३० दिवसांत ५०, त्यानंतर काही नाही. मूळ कागदपत्रं संस्थेने अडकवून ठेवायची नाहीत, हेही त्यातच आहे. कोणी ऐकत नसेल तर यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार करता येते.

निकालानंतर उरतात ती तीन कामं: बारावीची गुणपत्रिका अपलोड करणं, शाळा सोडल्याचा दाखला, आणि राज्याबाहेर जाणार असाल तर विभागीय मंडळाकडून मायग्रेशन सर्टिफिकेट. दाखला मूळच द्यावा लागतो, म्हणून द्यायच्या आधी त्याच्या पाच-सहा झेरॉक्स काढून ठेवा.