विभाजन की विभेदन?

पुण्यात दहावीच्या मुलांना शास्त्र शिकवते. सराव पेपर तपासताना एक वाक्य हमखास सापडतं: ‘मूलपेशींचे विभाजन होऊन स्नायुपेशी, चेतापेशी तयार होतात.’ मूलपेशी म्हणजे अजून काम न ठरलेल्या पेशी; इथे ‘विभाजन’ नव्हे, ‘विभेदन’ हवं. अर्धाच गुण जातो, पण नेमकी मेख तिथेच आहे.

विभाजनाने पेशींची संख्या वाढते, एवढंच. यकृताचा भाग कापून काढला, तर उरलेल्या यकृतपेशी विभागतात आणि त्यांतून पुन्हा यकृतपेशीच होतात.

विभेदनात पेशीचं काम ठरतं. डीएनए तोच राहतो. सुमारे २०,००० जनुकांपैकी कोणती चालू आणि कोणती बंद, हे बदलतं. ‘मग मेंदूच्या पेशीत इन्सुलिनचं जनुक असतं?’ असं एका मुलीने विचारलं, तेव्हा मला फार आनंद झाला. असतं, पण बंद. २००६ मध्ये जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी उंदराच्या विभेदित पेशींत फक्त चार जनुकं घालून त्यांना मूलपेशींसारखं केलं. मूळ जनुकं नाहीशी झाली असती, तर हे जमलंच नसतं.

गोंधळ होतो, कारण शरीरात दोन्ही गोष्टी बरेचदा एकत्रच चालतात. अस्थिमज्जेतली तांबडी पेशी घडताना बघा. तिची पूर्वज पेशी काही वेळा विभागते. दर खेपेला पेशी लहान होते आणि आत हिमोग्लोबिन साठत जातं. शेवटी ती आपलं केंद्रकच बाहेर टाकते. इथून पुढे विभाजन कायमचं बंद. केंद्रक नसलेली ही पेशी मधोमध पातळ असते, म्हणून रक्ताच्या स्लाइडवर तांबड्या पेशी मधोमध फिकट दिसतात, आणि शेजारच्या पांढऱ्या पेशीत जांभळं केंद्रक ठसठशीत उठून दिसतं. तांबडी पेशी जगते साधारण १२० दिवस. तिची जागा घ्यायला मज्जेतून नवी यावी लागते.

दोन्ही प्रक्रियांची फारकत झाली तर काय होतं, ते तीव्र रक्तकर्करोगात दिसतं. अपक्व पेशी विभागत राहतात, पण विभेदन मध्येच अडलेलं असतं. रक्तात पेशींची गर्दी, आणि जंतूंशी लढायला मात्र धड पेशी नाहीत. यातल्या प्रोमायलोसायटिक प्रकारात ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनवलेलं रेटिनॉइक ॲसिड देतात. नेहमीची केमोथेरपी विभागणाऱ्या पेशींना मारते. हे औषध अडलेल्या पेशींना पुढे ढकलतं. त्या पक्व होतात आणि आपलं आयुष्य संपवून मरतात. आर्सेनिक ट्रायऑक्साइडची जोड दिली, की या प्रकारातले बहुतेक रुग्ण आज बरे होतात.