लग्नाच्या खर्चात मुलीचा वाटा फिटत नाही

"लग्नात एवढा खर्च केला, दागिने घातले, आता जमिनीत तिचं काय?" हे शिकल्यासवरल्या घरांतही ऐकू येतं. कायद्यात याला काडीचा आधार नाही.

हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मानेच मुलाइतकी हिस्सेदार ठरली, लग्न झालेलं असो वा नसो. त्या तारखेला वडील हयात असलेच पाहिजेत असंही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते स्पष्ट केलं. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या कायम राहतात, आणि स्वकष्टार्जित मिळकत वडील मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतात.

खरी मेख वारसनोंदीनंतर. सातबाऱ्यावर बहिणींची नावं लागतात, मग "ताई, एक सही कर, माहेर राहू दे" असं म्हणत हक्कसोडपत्र पुढे येतं. (भावाने हक्क सोडल्याचं कधी ऐकलंय?) ते देणं बंधनकारक नाही, आणि एकदा दुय्यम निबंधकाकडे नोंदवलं की रद्द करायला बहुधा कोर्टाचीच पायरी चढावी लागते. म्हणून सहीआधी कागद घरी आणून वाचा, वकिलाला दाखवा.