साठी, बुद्धी आणि गुणसूत्राचं टोक

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण इतकी जिभेवर बसली आहे की वय झालं म्हणजे विसरायला होणारच, असं आपण धरूनच चालतो. ते चूक आहे. नव्वदीतही पाढे बिनचूक म्हणणारी माणसं आपल्या आसपास असतात. डिमेन्शिया, म्हणजे स्मृती आणि विचारशक्ती ढासळत जाणं, हा मेंदूचा आजार आहे; अल्झायमर हा त्याचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. तरीही वयाशी त्याचं नातं इतकं घट्ट का, याचं एक उत्तर पेशींच्या म्हातारपणात सापडू लागलं आहे.

गुणसूत्र म्हणजे पेशीतला डीएनएचा गुंडाळलेला धागा. त्याच्या दोन्ही टोकांना टीटीएजीजीजी ही डीएनएची सहा अक्षरं हजारो वेळा लिहिलेली असतात. हा भाग म्हणजे टेलोमिअर. पेशीचं विभाजन होताना डीएनएची नक्कल करणारं विकर (एन्झाइम) एकदम कोऱ्या जागी काम सुरू करू शकत नाही. त्याला आधी आरएनएचा छोटा तुकडा लागतो. पाटावर बसून जमीन सारवणारी बाई डोळ्यांसमोर आणा. पाटाखालची जागा कोरी राहते. पाट उचलला की मागून सारवत येणारी दुसरी बाई ती भरून काढते. पण भिंतीलगतच्या पहिल्या पाटामागे कुणीच नसतं, तेवढा पट्टा तसाच राहतो. पुढच्या खेपेला जेवढं सारवलं गेलं तेवढीच खोली धरली जाते, आणि पुन्हा एक पट्टा सुटतो. असं दर विभाजनात टोक साधारण ५० ते १०० अक्षरांनी आखूड होतं. फारच आखूड झालं की पेशी विभागायची थांबते. थांबते, पण मरत नाही; आजूबाजूला दाह वाढवणारी रसायनं सोडत राहते. सुटलेला पट्टा भरणारं टेलोमरेज हे विकर आपल्या बहुतेक पेशींत जवळजवळ बंदच असतं.

अल्झायमरच्या रुग्णांच्या पांढऱ्या रक्तपेशींत टेलोमिअर आखूड असल्याचं आधीच दिसलं होतं. पण आजारामुळे टोकं झिजली, की टोकं झिजल्यामुळे आजार झाला?

इथे जनुकं कामाला येतात. भावकीत शेताचे वाटे चिठ्ठ्या टाकून करतात, म्हणजे कुणाचा वशिला चालत नाही. आईवडिलांची जनुकंही गर्भधारणेच्या वेळी अशीच चिठ्ठ्यांनी वाटली जातात. आखूड टेलोमिअरची चिठ्ठी कुणी विड्या ओढून मिळवलेली नसते, आणि सत्तरीतला आजार मागे जाऊन ती बदलू शकत नाही. अशी चिठ्ठी आलेल्यांत आजार जास्त दिसला, तर बोट टेलोमिअरकडे जातं. या पद्धतीला मेंडेलियन रँडमायझेशन म्हणतात. मला ती विलक्षण सुंदर वाटते.

२०१५ मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी १७,००८ रुग्ण आणि ३७,१५४ निरोगी माणसांच्या माहितीवर ती वापरली. जनुकांनुसार टेलोमिअर एका प्रमाण विचलनाने (माणसामाणसांतला नेहमीचा फरक मोजायचं माप) आखूड असेल, तर अल्झायमरची शक्यता सुमारे ३६ टक्क्यांनी जास्त निघाली. अर्थात एकच जनुक दोन कामं करत असेल तर हिशेब चुकू शकतो, शिवाय ही सगळी माणसं युरोपीय वंशाची होती. अल्झायमरचा धोका वाढवणाऱ्या एपीओई-४ या जनुकाचा प्रभाव तर याहून कितीतरी मोठा आहे.

पण मेंदूतल्या चेतापेशी सहसा विभागतच नाहीत, मग टोकांचा त्यांच्याशी संबंध काय? संशय आहे तो शेजारच्या पेशींवर. मेंदूची राखण आणि साफसफाई करणाऱ्या मायक्रोग्लिया विभागतात, म्हाताऱ्याही होतात. अल्झायमरमध्ये चेतापेशींत ज्याच्या गाठी होतात त्या टाऊ प्रथिनाचा बिघाड असलेल्या उंदरांच्या मेंदूतून अशा थकलेल्या सहायक पेशी काढत राहिल्यावर टाऊच्या गाठी साचणं आणि स्मृती ढासळणं रोखता आलं, असं २०१८ मध्ये दिसलं.

म्हणून घरातलं माणूस अचानक विसरू लागलं तर कृपा करून देवऋषाकडे नेऊ नका. विसरणं बी-१२ किंवा थायरॉइडच्या कमतरतेमुळे असेल तर त्यावर उपचार आहेत. आधी डॉक्टरांकडे न्या. टेलोमिअर लांबवणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांपासूनही दूर राहा. मेंडेलियन रँडमायझेशनच्याच पद्धतीने २०१७ मध्ये झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, जनुकांमुळेच टेलोमिअर लांब असलेल्यांना अनेक प्रकारच्या कर्करोगांचा धोका जास्त आढळला आहे.