बर्फातले शनिवार आणि इंग्लंडची वारी

फुटबॉल सामन्याच्या दिवशी लिव्हरपूल किंवा मँचेस्टरमध्ये फिरलात, तर नॉर्वेजियन हमखास कानावर पडते. शुक्रवारी विमानाने यायचे, सामना बघायचा आणि रविवारी घरी परतायचे, ही नॉर्वेतल्या अनेक कुटुंबांची वारीच आहे. तिची सुरुवात मात्र मैदानावर झाली नाही, ती झाली पैजेच्या कूपनावर.

हिवाळ्यात नॉर्वे-स्वीडनची मैदाने गोठतात आणि लीग थांबते. पण सामन्यांच्या निकालांवर पैज लावण्याची सरकारमान्य योजना स्वीडनमध्ये 1934 पासून आणि नॉर्वेत 1948 पासून चालू होती. तिला वर्षभर सामने हवे होते, म्हणून थंडीतल्या कूपनांवर इंग्लिश लीगचे सामने आले. वुल्व्हरहॅम्प्टन कुठे आहे हे नकाशावर दाखवता न येणारी माणसेही त्या संघाचा फॉर्म जाणून होती.

मग 29 नोव्हेंबर 1969 उजाडला. वुल्व्हज (म्हणजे वुल्व्हरहॅम्प्टनचाच संघ) विरुद्ध संडरलँड हा सामना नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्कमध्ये टीव्हीवर थेट दाखवला गेला आणि वुल्व्हजने तो 1-0 असा जिंकला. तेव्हापासून हिवाळ्यातला शनिवार म्हणजे इंग्लिश फुटबॉल, हे समीकरण पक्के झाले. मला यातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते ती ही, की खुद्द इंग्लंडमध्ये लीगचे सामने घरबसल्या थेट दिसत नव्हते. मैदाने ओस पडतील अशी क्लबांना भीती होती, त्यामुळे तिथे नियमित थेट प्रक्षेपण 1983 मध्ये सुरू झाले. नॉर्वेतल्या बर्गनमधल्या मुलाला जे दिसत होते, ते बर्मिंगहॅमच्या मुलाला दिसत नव्हते! नॉर्वेतली ती मुले मोठी झाली, कमावू लागली आणि टीव्हीतले मैदान डोळ्यांनी बघायला निघाली. बर्गनहून न्यूकॅसलला थेट बोट होती, ती 2008 पर्यंत चालली. लिव्हरपूलच्या नॉर्वेतल्या चाहत्यांनी 1980 मध्येच आपली संघटना उभी केली.

ऐंशीचे दशक प्रवाशांसाठी धास्तीचेच होते. 1985 मध्ये ब्रुसेल्सच्या हेझेल मैदानावर 39 जण मृत्युमुखी पडले. 1989 मध्ये शेफिल्डच्या हिल्सबरोवरील चेंगराचेंगरीने 97 बळी घेतले. त्यानंतरच्या चौकशीच्या टेलर अहवालामुळे इंग्लिश लीगच्या वरच्या दोन विभागांत उभ्याने सामना बघण्याचे कट्टे गेले आणि प्रत्येकाला खुर्ची मिळाली. 1992 मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली. 1996 मध्ये नॉर्वेतल्या मोल्डे क्लबातून ओले गुन्नार सोल्शार हा खेळाडू मँचेस्टर युनायटेडला आला आणि 1999 च्या युरोपियन अंतिम सामन्यात 90 मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेत त्याने विजयी गोल केला. नॉर्वेत युनायटेडचे वेड घरोघर पोचवायला तेवढे पुरेसे होते. त्याच काळात स्वस्त विमानसेवाही वाढल्या.

या गर्दीची झळ स्थानिकांना बसली हे मान्य करायलाच हवे. तिकिटे महागली आणि पिढ्यान् पिढ्या येणारी माणसे बाहेर फेकली जाऊ लागली. फेब्रुवारी 2016 मध्ये लिव्हरपूलने सर्वांत महाग तिकीट 77 पौंडांचे करायचे ठरवले, तेव्हा ॲनफिल्ड या त्यांच्या मैदानावर 77 व्या मिनिटाला हजारो प्रेक्षक उठून चालते झाले. (समोर संडरलँडच होता.) काही दिवसांतच मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली.

पुण्या-मुंबईहून जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. इंग्लंडमध्ये फुटबॉलचे तिकीट परवानगीशिवाय परस्पर विकणे हा 1994 च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, म्हणून मैदानाबाहेरच्या दलालाकडे वळू नका. मोठ्या क्लबांच्या तिकिटासाठी बहुधा आधी सदस्यत्व घ्यावे लागते, आणि तेही हंगाम सुरू होण्याआधीच घेतलेले बरे.