हॅमच्या टेबलावरचे व्हॉल्व्ह आले कुठून?

व्हॉल्व्हचे, म्हणजे निर्वात काचेच्या नळ्यांचे, जुने रेडिओ संच दुरुस्त करून पुन्हा हवेवर आणणारे हॅम, म्हणजे परवाना काढून हौसेने रेडिओवर बोलणारी मंडळी, महाराष्ट्रात थोडी आहेत, पण आहेत. कुणी विंटेज स्कूटर जपतं तसं हे रेडिओ जपतात, एवढंच बहुतेकांना वाटतं. मला ते पटत नाही. आपल्याकडच्या हॅमसाठी व्हॉल्व्हचा ट्रान्समीटर म्हणजे दुकानातून आणून टेबलावर मांडायची वस्तू कधीच नव्हती. तो भंगारातून उचलावा लागे, उघडावा लागे, बदलावा लागे, आणि मगच बोलू लागे. त्यामुळे आज पुण्यात किंवा ठाण्यात कुणी चेसिस, म्हणजे संचाचा पत्र्याचा सांगाडा, उलटं करून सोल्डरिंग आयर्न तापवतो, तेव्हा तो जुन्या लोकांचंच काम पुढे नेत असतो. त्या कामाची ही मागची गोष्ट.

सुरुवात अर्थातच बाहेरची आहे. जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये लंडनला दोन इलेक्ट्रोडचा व्हॉल्व्ह केला. १९०६ मध्ये अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी त्यात तिसरा इलेक्ट्रोड, म्हणजे ग्रिड, घातला. ग्रिडवरच्या बारीकशा फरकाने प्लेटचा, म्हणजे इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या इलेक्ट्रोडचा, मोठा प्रवाह हलू लागला आणि क्षीण सिग्नल मोठा करता येऊ लागला. पुढे एडविन आर्मस्ट्राँग यांनी प्लेटकडचा थोडा सिग्नल पुन्हा ग्रिडकडे वळवून पाहिला. एकाच व्हॉल्व्हची ताकद कितीतरी पटींनी वाढली, आणि आणखी रेटलं तर तोच व्हॉल्व्ह स्वतः लहरी निर्माण करू लागला. रिसीव्हर आणि ट्रान्समीटर दोन्हींचा पाया तिथे पडला.

हौशी मंडळींकडे तोवर स्पार्कचे, म्हणजे ठिणगीने लहरी निर्माण करणारे, ट्रान्समीटर होते. कडकडाट मोठा आणि पट्टा इतका रुंद की शेजारपाजारच्या स्टेशनांना बोलताच येत नसे. अमेरिकेच्या १९१२ च्या कायद्याने हौशींना २०० मीटर आणि त्याखालच्या लहरींवर ढकललं होतं. त्या काळच्या समजुतीप्रमाणे या लहरी लांबच्या संपर्काला निरुपयोगी. डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर आर्ड्रोसन इथे तंबू ठोकून बसले, आणि अटलांटिकपलीकडची हौशी स्टेशनं त्यांना ऐकू आली. त्यातलं सर्वांत गाजलेलं, कनेटिकटमधलं १बीसीजी, व्हॉल्व्हवर चालत होतं. पुढे नोव्हेंबर १९२३ मध्ये नीसच्या लेऑन देलॉय यांनी कनेटिकटच्या फ्रेड श्नेल यांच्याशी सुमारे ११० मीटरवर दुतर्फा संपर्क साधला. टाकाऊ ठरवलेल्या लहरीच जगभर पोचतात हे हौशींनी व्हॉल्व्हच्या जोरावर दाखवून दिलं. स्पार्कचे दिवस भरले.

भारतात हौशी रेडिओची नोंद १९२१ पासून सापडते. कोलकात्याचे अमरेंद्र चंद्र गुप्तू यांचं नाव पहिलं घेतलं जातं. मुंबईत १९२३ मध्ये रेडिओ क्लबने हौशी प्रक्षेपण सुरू केलं. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी उघडलं, म्हणजे शहरात आवाज हवेवर सोडणारे हौशी त्याच्या आधीचे. पण ही दुनिया लहान होती. त्यात युरोपियन बरेच आणि भारतीय मोजके, कारण व्हॉल्व्ह परदेशातून यायचे आणि महाग पडायचे.

१९३९ मध्ये युद्ध सुरू झालं आणि ही दुनिया बंद पडली. हौशींनी आपले ट्रान्समीटर पोलिसांकडे जमा करावेत असे हुकूम निघाले. मुंबईच्या हॅमना मात्र १९४२ साल वेगळ्या कारणासाठी आठवतं. 'चले जाव'नंतर काही दिवसांतच उषा मेहता, बाबूभाई खाकर, चंद्रकांत झवेरी, विठ्ठलदास झवेरी यांनी काँग्रेस रेडिओ उभारला. तांत्रिक बाजू नरिमन प्रिंटर यांच्याकडे होती आणि शिकागो रेडिओच्या नानक मोटवानी यांची साधनांसाठी मदत होती. पोलिसांना माग लागू नये म्हणून ट्रान्समीटर शहरात एका घरातून दुसऱ्या घरात हलत राहिला. १२ नोव्हेंबर १९४२ च्या धाडीत तो सापडला. उषाबेनना चार वर्षांची सजा झाली आणि त्यांची रवानगी येरवड्याला झाली.

हे स्टेशन आपण ४२.३४ मीटरवर आहोत असं जाहीर करी. तीनशेला त्या आकड्याने भागलं की सुमारे ७.०८५ मेगाहर्ट्झ येतात. आज महाराष्ट्रातले हॅम रोज सकाळी ज्या चाळीस मीटरच्या पट्ट्यात गप्पा मारतात, ही फ्रीक्वेन्सी बरोबर त्यातच बसते. शाळेत शिकवल्या जाणाऱ्या काँग्रेस रेडिओच्या धड्याला ही एक ओळ जोडायला हवी असं मला मनापासून वाटतं. स्वातंत्र्यलढ्याचा तो आवाज हौशी माणसाच्या हातच्या कौशल्यावर उभा होता आणि हौशींच्याच पट्ट्यात घुमत होता.

आपल्या व्हॉल्व्हच्या परंपरेला खरी रसद मिळाली ती १९४५ नंतर. ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी भारतात आलेलं लष्करी सामान युद्ध संपल्यावर लिलावात निघालं. बाजारात त्याला एकच नाव होतं: डिस्पोजलचा माल. तो वजनावर आणि ढिगाने विकला जाई. मुंबईत चोर बाजार आणि लॅमिंग्टन रोड, पुण्यात जुना बाजार, इथे तो वर्षानुवर्षं फिरत राहिला. त्यात विमानातले बीसी-३४८ रिसीव्हर असत, लँकेस्टर बॉम्बरमधले आर-११५५ असत, आणि आरसीएचा शंभर पौंडांच्या आसपास वजनाचा एआर-८८ असे. हा एआर-८८ उचलायला दोघं लागत, पण एकदा लावलेलं स्टेशन तो तासन्‌तास धरून ठेवी.

या ढिगातला आपल्याकडचा सर्वांत लाडका संच १९ नंबरचा. रणगाड्यात आणि लष्करी गाड्यांत बसवलेला हा ब्रिटिश संच कॅनडातही बनला, आणि तिथल्या कित्येक नगांच्या पॅनेलवर इंग्रजीबरोबर रशियन अक्षरं आहेत, कारण तो सोव्हिएत सैन्यालाही पाठवायचा होता. त्याचा मुख्य पट्टा २ ते ८ मेगाहर्ट्झ, म्हणजे हॅमचा चाळीस मीटर आयताच आत. शेवटच्या टप्प्यात व्हॉल्व्ह ८०७.

या ८०७ वर थोडं थांबायला हवं. आरसीएने तो १९३६ मध्ये आणला. ध्वनिवर्धकात गाजलेल्या ६एल६ चाच तो भाऊ, फक्त प्लेटचं टोक काचेच्या डोक्यावर काढलेलं, म्हणजे उंच व्होल्टेजची तार खालच्या पिनांपासून दूर राहते. ७५० व्होल्ट आणि १०० मिलिॲम्पिअर दिले की ७५ वॅट इनपुट. युद्धात तो अमाप बनला आणि नंतर कवडीमोलाने मिळू लागला. जगभरातल्या एका पिढीचे पहिले ट्रान्समीटर त्याच्यावरच झाले. लहरी निर्माण करणारा एक ऑसिलेटर व्हॉल्व्ह, पुढे ८०७, प्लेटला एरियलशी जुळवून घेणारं पाय (π) नेटवर्क आणि घराच्या गच्चीवर ताणलेली तार, एवढ्यावर ऑस्ट्रेलिया लागत असे.

संच मिळाला तरी तो घरच्या विजेवर चालत नसे. रणगाड्यातला संच बारा व्होल्टच्या बॅटरीवर आणि तिच्यापासून उंच व्होल्टेज बनवणाऱ्या डायनामोटरवर चाले. तेव्हा डायनामोटर काढायचा, वाइंडिंगवाल्याकडून ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घ्यायचा, एसीचं डीसी करणारा ५यू४ रेक्टिफायर आणि ती वीज सपाट करणारा लोखंडी चोक लावायचा. फ्रीक्वेन्सी स्थिर ठेवण्यासाठी एफटी-२४३ डबीतले क्रिस्टल असत, तेही युद्धातलेच. हवी ती फ्रीक्वेन्सी नसेल तर डबी उघडून क्वार्ट्झची चकती काचेवर बारीक पूड घालून घासायची. घासली की फ्रीक्वेन्सी चढते. जास्त चढली तर चकतीवर पेन्सिलीचं शिसं फिरवून ती किंचित उतरवायची. हे ज्ञान पुस्तकातून कमी आणि एकमेकांच्या शॅकमध्ये, म्हणजे रेडिओच्या खोलीत, बसून जास्त पसरलं.

संघटनाही याच काळात उभी राहिली. १९४८ मध्ये महू इथे ॲमेच्युअर रेडिओ क्लब ऑफ इंडिया सुरू झाला. १९५४ मध्ये त्याची ॲमेच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया झाली आणि मुक्काम दिल्लीला गेला. आयातीवर कडक बंधनं होती, त्यामुळे अमेरिकेतले कॉलिन्स, हॅलिक्राफ्टर्स, हीथकिट हे संच इथल्या बहुतेकांनी मासिकातल्या चित्रांतच पाहिले.

म्हणून मग दुसरा स्रोत, घरगुती रेडिओ. मर्फीचा कारखाना ठाण्यातच होता. बुश, फिलिप्स, नॅशनल एको यांचे संच घरोघर होते. मोडीत निघालेल्या मर्फीतून स्टेशन लावायचा गँग कंडेन्सर, आयएफच्या (मधल्या फ्रीक्वेन्सीच्या) डब्या आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर निघत. चालू संचातच एक बीएफओ, म्हणजे छोटा जादा ऑसिलेटर, जोडला की मोर्स आणि पुढे एसएसबी, म्हणजे अरुंद पट्ट्यात बोलण्याची पद्धत, हेही ऐकता येई. यात एक धोका दडलेला आहे आणि तो आजही तितकाच खरा आहे. कोलकात्यासारख्या काही शहरांत डीसी वीज होती, म्हणून अनेक संच एसी-डीसी प्रकारचे बनत. त्यांत मेन्स ट्रान्सफॉर्मर नसतो, व्हॉल्व्ह तापवणारे सगळे फिलामेंट एका माळेत असतात आणि चेसिस थेट मेन्सच्या एका तारेला जोडलेलं असतं. प्लग उलटा बसला की सगळं चेसिस जिवंत. यूसीएच८१, यूएल८४, यूवाय८५ अशी 'यू'ने सुरू होणारी नावं दिसली की आधी संच मेन्सपासून वेगळा ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर शोधावा, मग पेचकस.

उरलेल्या लष्करी सामानातून आवाज उभा करण्याची ही कला फक्त हॅमपुरती नव्हती. १९५४ मध्ये दादरा-नगरहवेली मुक्त झाली. तिथे पोर्तुगीजांकडून हाती आलेल्या दोन वायरलेस संचांचं रूपांतर करून गोव्याच्या मुक्तीसाठी ट्रान्समीटर उभा केला गेला आणि ट्रकवर चढवला गेला. २५ नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई, लिबिया लोबो आणि त्यांचे सोबती आंबोलीच्या रानातून आणि नंतर कॅसल रॉकहून गोव्याला उद्देशून बोलत राहिले, ते थेट डिसेंबर १९६१ पर्यंत. तिथल्या पावसात आणि दमट हवेत उंच व्होल्टेजचा ट्रान्समीटर सहा वर्षं टिकवणं म्हणजे काय, हे पावसाळ्यात कोकणात व्हॉल्व्हचा संच उघडलेल्या माणसाला विचारावं.

ट्रान्झिस्टर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत जन्मला, तरी हॅमच्या ट्रान्समीटरमधून व्हॉल्व्ह लगेच हलला नाही. शॉर्टवेव्हवर शंभर वॅट देणारे ट्रान्झिस्टर बराच काळ महाग आणि नाजूक होते. म्हणून सत्तरच्या दशकातले याएसूचे एफटी-१०१ आणि केनवूडचे टीएस-५२० असे मिश्र संच निघाले, आत बहुतेक ट्रान्झिस्टर आणि शेवटी व्हॉल्व्हची जोडी. भारतात १९८० च्या दशकात आयात शुल्काची सवलत मिळाली आणि तयार जपानी संच येऊ लागले. डिस्पोजलचे संच माळ्यावर गेले. दरम्यान बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स व्हॉल्व्ह बनवत होती. तिचे न वापरलेले व्हॉल्व्ह अजून जुन्या दुकानांच्या मागच्या कपाटांत मिळतात, आणि ते उत्तम चालतात.

परदेशात जुन्याची ओढ लवकर सुरू झाली. अमेरिकेत अँटिक वायरलेस असोसिएशन १९५२ पासून आहे. तिची १९२९ च्या धर्तीची एक स्पर्धा मला फार आवडते: ट्रान्समीटर १९२९ किंवा त्याआधीच्या रचनेचा हवा, व्हॉल्व्ह त्याच काळचे हवेत. एकाच व्हॉल्व्हचा हार्टली ऑसिलेटर वाऱ्याने एरियल हललं तरी सूर बदलतो, आणि तो सूर शंभर वर्षांपूर्वीच्या हॅमने ऐकला तसाच आज कानावर येतो.

आपल्याकडे जुना संच हाती आला की पहिला मोह होतो प्लग लावून पाहण्याचा. तो आवरावा. मेणाच्या कागदी कंडेन्सरने इतक्या वर्षांत ओल पिलेली असते. त्यातला एका व्हॉल्व्हचा सिग्नल पुढच्याकडे नेणारा कपलिंग कंडेन्सर गळत असेल तर पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज येतं, प्रवाह बेफाम वाढतो, आणि व्हॉल्व्हबरोबर न मिळणारा ट्रान्सफॉर्मरही जळतो. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वाळलेले असतात, रबरी वायर हातात चुरते, कार्बन रेझिस्टन्सची किंमत वर सरकलेली असते. म्हणून आधी तपासणी, मग बदल, मग सिरीज लॅम्प, म्हणजे विजेच्या वाटेत जोडलेला बल्ब, लावून वीज. बल्ब भगभगून पेटला तर आत शॉर्ट आहे, हे आपल्या मेकॅनिक लोकांचं जुनं निदान आजही सर्वांत स्वस्त आणि भरवशाचं आहे. ८०७ च्या प्लेटवरचे ७५० व्होल्ट मात्र वीज काढल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये बसून राहतात. तो साठा हळूहळू रिकामा करणाऱ्या ब्लीडर रेझिस्टन्सवर विसंबू नये. इन्सुलेटेड मुठीच्या दांडीने शॉर्ट करून मीटरने खात्री करावी, आणि एक हात खिशात ठेवावा.

मूळ कारखान्यात होता तसाच संच परत आणावा हा अमेरिकन संग्राहकांचा आग्रह इथे आंधळेपणाने उचलू नये असं माझं ठाम मत आहे. कॉलिन्सच्या बाबतीत तो बरोबर आहे. पण पुण्याच्या जुन्या बाजारातून आलेल्या १९ नंबरच्या संचात गल्लीतल्या वाइंडरचा ट्रान्सफॉर्मर असतो, मर्फीचा गँग असतो, ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून हाताने कापलेला कंस असतो. ते 'मूळचं नाही' म्हणून उपटून टाकलं की इथल्या हॅमने केलेलं नेमकं कामच पुसलं जातं. रणगाड्यातला संच जगभर हजारोंनी आहे, हा एकच आहे. जे धोकादायक आहे ते बदलावं. जुने कंडेन्सर फेकू नयेत, त्यांचं कवच रिकामं करून आत नवा बसवता येतो. आणि काय बदललं, कोणत्या किमतीचं होतं, कोणत्या तारखेला, हे कागदावर लिहून तो कागद कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवावा.