पार्श्वभूमी : लाखोळीवरची बंदी आणि चेतापेशींची बोली

नागपुरात लाखोळीच्या डाळीचा विषय निघाला की बंदी हवी आणि बंदी नको असे दोन तट पडतात, आणि दोन्हीकडचे लोक २००८ पासून बोलायला लागतात. त्या वर्षी राज्याने या डाळीच्या विक्रीवरची बंदी उठवली. गोष्ट १९६१ पासून सांगायला हवी. बंदी आली तेव्हा डाळीतलं नेमकं विष कोणालाच ठाऊक नव्हतं. ते भारतीय शास्त्रज्ञांनी वेगळं काढलं १९६४ साली. आणि ते खाणाऱ्याचे पाय लुळे कसे करतं हे उलगडायला पुढची वीसेक वर्षं गेली, कारण निरोगी चेतापेशी एकमेकींशी कशाने बोलतात याचाच निकाल लागायचा होता.

पूर्व विदर्भात धान उभं असतानाच बांधीतल्या ओलीवर लाखोळीचं बी फेकतात. नांगरट नाही, पाण्याची पाळी नाही. दाणा तिकोनी, पाचरीसारखा. भरडला की तुरीच्या किंवा हरभऱ्याच्या डाळीत असा मिसळतो की नागपूरच्या इतवारी बाजारातला मुरलेला दुकानदारही मूठभर डाळ उजेडात धरून बघतो.

या डाळीने पाय जाण्याचा आजार जुनाच. सुश्रुतसंहितेतला ‘कलायखंज’ चालायला निघताना कापतो आणि लंगडत जातो. ‘कलाय’ म्हणजे वाटाणा की लाख (म्हणजे लाखोळीच), यावर वैद्यांनी घालायचा तेवढा घोळ घातला आहे. १८७३ साली नेपल्समधल्या एका डॉक्टरने त्याला ‘लॅथिरिझम’ हे नाव दिलं. गंमत म्हणजे त्याच वर्षी, त्याच इटलीत, दुसऱ्या एका डॉक्टरने चांदीच्या क्षाराने चेतापेशी काळ्या रंगवून दाखवल्या. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे शंभर वर्षं कोणाच्या ध्यानात आलं नाही.

रंगवणाऱ्याचं मत असं की मेंदू म्हणजे एकसंध जाळं. त्याचीच युक्ती वापरून १८८८ मध्ये बार्सिलोनातल्या एकाने दाखवलं की प्रत्येक पेशी सुटी आहे. १९०६ चं नोबेल दोघांना विभागून मिळालं आणि पहिल्याने आपल्या भाषणात दुसऱ्याचा सिद्धान्तच झोडपला. पेशी सुट्या, म्हणजे मधे फट आली. तिला मराठीत आपण ‘संपर्कस्थान’ म्हणतो. जिथे संपर्कच नाही त्या जागेला हे नाव! फट साधारण २० नॅनोमीटरची.

ती ओलांडायची कशी, ठिणगीने की रसायनाने? १९२१ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात एका बेडकाच्या हृदयाची चेता उत्तेजित करून ते मंद केलं आणि त्याच्याभोवतीचं पाणी दुसऱ्या हृदयावर सोडलं. दुसरंही मंदावलं. चेता तिथे नव्हतीच, पाण्यातून काहीतरी गेलं होतं. तरी ठिणगीवाले हटेनात. त्यांच्यातल्या सर्वात हट्टी माणसाने १९५१ मध्ये न्यूझीलंडमध्ये मांजराच्या पाठीच्या कण्यातल्या एका पेशीत बारीक काचनळी घातली, मोजमाप स्वतः बघितलं आणि हार मानली.

खरा घोळ पुढचा आहे. ग्लुटामेट या अमिनो आम्लाने चेतापेशी चेततात हे १९५० च्या दशकातच दिसलं होतं. १९५९ मध्ये कॅनबेरात ते कण्यातल्या पेशींवर सोडून बघितलं, आणि दिसेल ती पेशी पेटली. पण ज्यांनी हे बघितलं त्यांनीच त्याला निरोप्या मानायला नकार दिला. त्यांची अडचण समजण्यासारखी होती: ग्लुटामेट प्रत्येक पेशीत असतं, जेवणात असतं, चायनीजच्या गाडीवरच्या पांढऱ्या पुडीतही असतं. जे गल्लीतल्या प्रत्येक घरात आहे ते गुप्त निरोप कसं नेणार? मेंदूतले चेतवणारे बहुतेक झटपट निरोप हेच द्रव्य नेतं, हे पचायला १९८० चं दशक उजाडावं लागलं.

निरोप पोचवून झाल्यावर ग्लुटामेट काही मिलिसेकंदांत आवरून घेतलं जातं. शेजारच्या आधारपेशी ते शोषून घेतात. लाखोळीतलं विष दिसायला ग्लुटामेटसारखंच. पेशीवरच्या ज्या दारांवर ग्लुटामेट निरोप देतं, त्याच दारांवर ते जाऊन बसतं आणि दार उघडंच राहतं. सोडियम, कॅल्शियम आत येत राहतं आणि पेशी अतिचेतनेने मरते. अशा मरणाला १९६९ मध्ये वेगळं नावही मिळालं, ग्लुटामेट दिलेल्या उंदरांच्या पिल्लांवरून. मोठा फटका बसतो तो मेंदूतून कण्याच्या तळापर्यंत जाणाऱ्या, पाय चालवणाऱ्या लांब तंतूंना. हात बहुधा वाचतात, बोलणं वाचतं. रोग्यांची वर्गवारीही काठीवरूनच: बिनकाठीचा, एका काठीचा, दोन काठ्यांचा, आणि शेवटी रांगणारा. मेलेली पेशी परत येत नाही.

आता बंदी. हा आजार उसळला तो दुष्काळात, आणि मध्य प्रदेशातल्या रीवासारख्या भागांत, जिथे सालदाराला मजुरीच लाखेत मिळायची. महिनोन्‌महिने ताटात दुसरं काही नाही, तिथे पाय गेले. भातासोबत वाटीभर वरण खाणाऱ्याची गोष्ट वेगळी. विष कळल्यावर मात्रेचा हा हिशेब मांडता आला असता, पण १९६१ चा कागद तसाच राहिला. पेरा थांबला नाही, फक्त माल चोरून विकला जाऊ लागला आणि भेसळवाल्यांचं फावलं. भाव पडला तो शेतकऱ्याचा. नागपुरातल्या एका आहार-अभ्यासकाने यासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं केली, उपोषणं केली. त्यांचं सगळंच पटावं असं नाही, पण मात्रेचा प्रश्न त्यांनी चव्हाट्यावर आणला.

२०१६ च्या सुरुवातीला केंद्राच्या एका संशोधन संस्थेच्या समितीने कमी विषाच्या तीन वाणांना हिरवा कंदील दाखवला. केंद्राच्या अन्नसुरक्षा नियमांतली मनाई मात्र तेव्हाही कायम होती, म्हणजे राज्यात उठलेली आणि दिल्लीत उभी असलेली अशी दोन डोक्यांची बंदी. विष पाण्यात विरघळतं. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकलं तर बराचसा भाग निघून जातो. पण भरडलेली डाळ कोणत्या वाणाची, हे नागपूरच्या कळमना बाजारातल्या ढिगापाशी उभं राहून नजरेने सांगता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते.