रंगीत तंतूंवर किती भरवसा ठेवायचा?

मेंदूतल्या पांढऱ्या भागाची रंगीत चित्रं अनेकांनी पाहिली असतील: डावी-उजवीकडे जाणारे तंतू लाल, पुढे-मागे जाणारे हिरवे, वर-खाली जाणारे निळे. यातला एकही तंतू एमआरआयला प्रत्यक्ष दिसलेला नसतो. यंत्र मोजतं ती पाण्याच्या रेणूंची हालचाल. चेतातंतूच्या लांबीच्या दिशेने पाणी सहज सरकतं, आडवं जाताना अडतं. १९९४ साली संशोधक पीटर बॅसर आणि सहकाऱ्यांनी ही दिशा गणितात पकडली. पुढे त्या दिशांच्या आधारे संगणक रेघा ओढू लागला. हीच ट्रॅक्टोग्राफी.

खरी अडचण आकाराची आहे. स्कॅनमधला एक ठोकळा, म्हणजे व्हॉक्सेल, साधारण २ मिलीमीटरचा. तंतूची जाडी मिलीमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास. म्हणजे एका ठोकळ्यात लाखो तंतू, आणि बहुतेक ठोकळ्यांत ते एकमेकांना छेदून जातात. बॅसर यांची जुनी पद्धत तिथे एकच सरासरी दिशा काढते. म्हणून मेंदूच्या वरच्या भागातून हाताकडे आणि चेहऱ्याकडे आज्ञा नेणारे तंतू चित्रातून अनेकदा गळतात. पायाचे मात्र नीट उमटतात.

मग खरं-खोटं ठरवायचं कसं? २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत संगणकावर मेंदूचा कृत्रिम स्कॅन बनवला. त्यात तंतूंचे २५ जुडगे कुठून कुठे जातात हे आधीच ठरलेलं होतं. २० संशोधक गटांनी त्यावर आपापल्या पद्धती चालवल्या. सरासरी २१ जुडगे सापडले, पण सोबत अस्तित्वातच नसलेले सरासरी ८८ निघाले! त्यातले जवळपास निम्मे वेगवेगळ्या गटांत पुन्हा पुन्हा आले.

मला हे शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं वाटतं. पुन्हा मोजल्यावर तेच उत्तर येणं हा विश्वासार्हतेचा पुरावा आपण मानतो. इथे चूकच सातत्याने येत होती, कारण ती मोजणाऱ्याच्या हातात नव्हती, मोजलेल्या माहितीच्या संदिग्धतेतच होती.

म्हणून पद्धत टाकाऊ ठरत नाही. एकाच यंत्रावर, त्याच मापांनी स्कॅन केले तर महासंयोजी पिंडासारख्या (मेंदूचे डावे-उजवे अर्धे भाग जोडणाऱ्या) जाड पट्ट्यांतली मोजमापं बऱ्यापैकी स्थिर राहतात. आजारातले बदल त्यातून टिपता येतात. अर्बुदाच्या, म्हणजे मेंदूतल्या गाठीच्या, शस्त्रक्रियेत मात्र सर्जन हे चित्र आराखडा म्हणून वापरतात, आणि कापण्याआधी सूक्ष्म विद्युतप्रवाह देऊन हात हलतो का, बोलणं अडतं का, हे तपासतात. गरज पडली तर रुग्णाला जागं ठेवून.